सायकल आहे ना, मग पळता कशाला? खान्देशात पहिली ड्युएथलॉन करणाऱ्यांसाठी

रात्रीच्या लाईटवर गव्हाला पाणी भरून परतणारे एक आप्पा मला हिवाळ्यात रोज पहाटे रस्त्यात भेटायचे. बॅटरीचा झोत माझ्या पायांवर टाकायचा आणि विचारायचं, "काबरं पयी राहिना रे भो? मांगे कुत्रं लागनं का?" एकदा थांबून मी त्यांना सगळं समजावलं. स्पर्धा आहे, आधी पाच किलोमीटर पळायचं, मग वीस किलोमीटर सायकल, मग पुन्हा अडीच किलोमीटर पळायचं. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "सायकल शे ना, मंग पयस काबरं?"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण सायकलवरून उतरल्या उतरल्या पळायचं कसं, हे चार हिवाळ्यांत चुकत-माकत शिकलो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुणाला पहिल्यांदाच उतरायचं असेल तर त्याच्यासाठी हे लिहितोय. नोकरी, दुकान किंवा शेती सांभाळून आठ आठवडे देता येतील आणि आज न थांबता तीनेक किलोमीटर पळता येतं, एवढं धरून चाललोय. चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल किंवा जिना चढताना छातीत भरून येत असेल, तर आधी डॉक्टरकडे जाऊन या.

नाव देण्याआधी काय विचारायचं

ड्युएथलॉन म्हणजे धाव, सायकल, धाव. वर्ल्ड ट्रायथलॉन या जागतिक संघटनेच्या हिशेबात छोटा म्हणजे स्प्रिंट प्रकार ५, २० आणि २.५ किलोमीटरचा, तर स्टँडर्ड प्रकार १०, ४० आणि ५ किलोमीटरचा. स्वित्झर्लंडमध्ये त्सोफिंगेन नावाच्या गावी १९८९ पासून पॉवरमॅन ही स्पर्धा होते. तिथे १० किलोमीटर धाव, १५० किलोमीटर सायकल आणि वर ३० किलोमीटर धाव असते. ती माणसं वेगळ्या मातीची. आपल्याकडच्या छोट्या स्पर्धेत आयोजक हाताशी असलेला रस्ता आणि पोलिसांची परवानगी बघून अंतर बसवतात, त्यामुळे आकडे थोडे मागेपुढे होतात. पहिल्या वेळी स्प्रिंटच घ्या. स्टँडर्डच्या नादी लागू नका.

फॉर्म भरण्याआधी आयोजकांना फोन करून चार गोष्टी विचाराव्यात. सायकलचा रस्ता वाहनांना बंद आहे की चालू? किती फेऱ्या आणि वळसा कुठे? सायकली रॅकवर टांगायच्या की स्टँडवर उभ्या करायच्या? आणि ड्राफ्टिंग चालतं का? ड्राफ्टिंग म्हणजे पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून, त्याच्या आडोशाने वाऱ्यापासून वाचत जाणं. हौशी स्पर्धांत ते बहुधा बंद असतं. मग पुढच्या सायकलपासून निदान १० मीटर, म्हणजे साधारण पाच-सहा सायकलींइतकं अंतर ठेवायचं आणि ओलांडायचं असेल तर रेंगाळत न बसता सरळ पुढे निघायचं. गावातल्या स्पर्धेत दंड क्वचितच होतो, पण नवख्याने चाकाला चाक लावून जाणं म्हणजे दोघांना पाडणं.

आपला हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो हे सांगायला नको, पण फेब्रुवारी संपता संपताच साडेआठचं ऊन डोक्यात बसायला लागतं. उलट डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचं किमान तापमान एक आकडी होतं. त्या थंडीत बोटं अशी आखडतात की हेल्मेटचं बकल लागत नाही. हे वाचून हसू येईल, पण मी त्या बकलपाशी पाऊण मिनिट उभा राहिलोय.

वेळेचा अंदाज घ्या. पाच किलोमीटरला ३० मिनिटं, ताशी २४ च्या वेगाने वीस किलोमीटरला ५० मिनिटं, शेवटच्या अडीचला १६ मिनिटं आणि दोन्ही अदलाबदलीला मिळून ४ मिनिटं. झाली १०० मिनिटं. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पावणेसातला स्पर्धा सुटली तर साडेआठच्या आत तुम्ही सावलीत.

आहे ती सायकल घ्या

पहिल्या स्पर्धेसाठी नवी सायकल घेणाऱ्यांची मला काळजी वाटते. घरी हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची आणि मध्यम टायरची सायकल असेल तर उत्तम, गिअरची एमटीबी, म्हणजे जाड टायरची डोंगरी सायकलही चालते. मात्र जाड गुट्ट्यांचे टायर डांबरावर ओढून धरतात, तेवढे बदलून गुळगुळीत टायर टाकून घ्या. हजार-दोन हजारांच्या या खर्चाने जो फरक पडतो, तो पन्नास हजारांच्या सायकलनेही नवख्याला सहज जाणवत नाही.

सीटची उंची मात्र नीट लावा. आपल्याकडे निम्मी माणसं फार खाली सीट ठेवून चालवतात, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत अशी लहानपणापासूनची सवय. भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पावलाचा पुढचा भाग पेडलवर आला की गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो. सीट खाली असेल तर मांड्या लवकर भरतात आणि त्याच मांड्यांवर पुढे पळायचं असतं.

हवेचं म्हणाल तर टायरच्या कडेवर किमान-कमाल आकडे छापलेले असतात, त्यांच्या आत राहा. हायब्रिडच्या ३५ मिलिमीटर टायरला ६० पीएसआयच्या आसपास, रोड बाईकच्या, म्हणजे वाकड्या हँडलच्या शर्यतीच्या सायकलच्या २८ मिलिमीटर टायरला ८० च्या आसपास हवा ठीक पडते. एक अडचण आधीच सांगून ठेवतो. रोड बाईक आणि काही हायब्रिडना बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. पेट्रोल पंपावरची नळी त्यावर बसत नाही. पन्नास रुपयांच्या आत पितळेचा छोटा अॅडॉप्टर मिळतो, तो घेऊन सीटखालच्या पाऊचमध्ये टाकून द्या. स्पर्धेच्या गावी पोचल्यावर रविवारी सकाळी तो शोधत फिरू नका.

क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकून बसणारे बूट आणि त्यांची पेडल पहिल्या वेळी टाळाच. पळायचे बूट घालून साध्या पेडलवर चालवा. अदलाबदलीत बूट बदलावे लागत नाहीत आणि वळशावर पाय अडकून पडण्याचीही भीती नाही. बुटाच्या नाड्यांऐवजी लास्टिकच्या नाड्या घातल्या तर सुटायचा प्रश्नच मिटतो.

काट्याची गोष्ट

खान्देशात सायकल चालवायची तर बाभळीशी ओळख हवी. शेताच्या कुंपणाच्या काट्या बैलगाडीवर लादून नेतात आणि अर्ध्या रस्त्यावर सांडत जातात. मेंढपाळ शेळ्यांसाठी फांद्या छाटतात, त्या रस्त्याकडेलाच पडतात. वेडी बाभूळ तर जिथे तिथे आहे.

पहिल्या वर्षी एका फाट्यावर माझं मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्याने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडा शोधला, काणस मारली, सोल्युशन लावून ठिगळ दाबलं. तेवढ्यात ट्रॅक्टरचं चाक आलं म्हणून तो तिकडे वळला आणि घाईत असलेल्या मी स्वतःच ट्यूब आत घालून टायर चढवला. दोन किलोमीटर गेलो नाही तोच चाक पुन्हा बसलं. सायकल ढकलत परत आलो. त्याने काही न बोलता टायर काढला, आतून बोट फिरवलं आणि एका जागी थांबला. "हा बघा तुमचा काटा." बाहेरून काहीच दिसत नव्हतं. काटा रबराच्या पातळीला तुटलेला आणि आतल्या बाजूला तांदळाच्या कणीएवढं टोक उभं.

तेव्हापासून ट्यूब बदलताना टायरच्या आतून पूर्ण गोल सुती फडकं फिरवतो. काट्याच्या टोकाला फडकं अडकतं आणि बोटही वाचतं. सापडला की नेलकटरने धरून ओढायचा. स्पर्धेत सीटखाली एक नवी ट्यूब, टायर उचकायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर, छोटा पंप आणि तो नेलकटर एवढं असू द्या. ठिगळ लावत बसायचं नाही, ट्यूबच बदलायची. घरी चार वेळा करून पाहिलंत तर दहा मिनिटांत होतं. छोट्या स्पर्धेत दहा मिनिटं गेली तरी शर्यत पूर्ण होतेच.

सराव कुठे करायचा

धावायला जळगावकरांना मेहरूण तलाव आहे, धुळेकरांना नकाणे तलावाकडचा रस्ता. सायकलला मोठे महामार्ग टाळा. मुंबई-आग्रा रस्त्यावर लळिंगचा चढ मोह घालतो, पण तिथल्या ट्रकांसोबत एकट्याने सराव करण्यात शहाणपण नाही. कन्नडचा घाटही नको. आम्ही चाळीसगावचे लोक पाटणादेवीचा रस्ता धरतो. जाताना हलका चढ, येताना उतार, एका बाजूला अठरा-एक किलोमीटर आणि समोर सातमाळ्याचे डोंगर. शहादा, चोपडा, यावल, रावेरकडच्यांना सातपुड्याच्या पायथ्याचे आडवे रस्ते आहेत. केळीच्या बागांमधून जाणारे हे रस्ते सकाळी गार असतात, फक्त केळीचे ट्रक भरायला लागले की वाहतूक वाढते. साक्री पट्ट्यात चालवणार असाल तर वाऱ्याशी झुंज ठरलेली. ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत.

हिवाळ्यात रस्त्यावर आणखी काय काय असतं? कापसाने भरलेला टेम्पो, दोन्ही बाजूंनी फुगलेला. उसाच्या ट्रॉल्या, ज्यांना मागे लाल दिवा नसतो. आणि वाळत घातलेला मका. गाड्यांनी तुडवू नये म्हणून त्याच्या कडेने दगड मांडतात. मका उचलला जातो, दगड तिथेच राहतात. म्हणून अंधारात सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच, आणि कानात इअरफोन अजिबात नको. सरावातही नको. स्पर्धेत तर त्यावर बाद करतात.

आठ आठवडे

आठवड्यातून पाच दिवस पुरेत. दोन दिवस धाव, दोन दिवस सायकल, एक दिवस दोन्ही एकापाठोपाठ. दोन दिवस विश्रांती, तेही मनापासून. धावेच्या दोन दिवसांपैकी एक दिवस गप्पा मारता येतील एवढ्या आरामात ४ ते ६ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं हलकं पळून मग एक मिनिट जोरात, दोन मिनिटं हळू, असं सहा ते आठ वेळा. सायकलचा एक दिवस कामाआधी १५ किलोमीटर, रविवारी २५ पासून वाढवत ४० पर्यंत. दर चौथ्या आठवड्याला सगळं एक तृतीयांशाने कमी. नडग्या दुखायला लागल्या की धाव कमी करा, सायकल चालू ठेवा. शेवटच्या आठवड्यात निम्मंच करा. त्या आठवड्यात अंगात मुंग्या आल्यासारखं होतं आणि जाऊन वीस किलोमीटर मारून यावंसं वाटतं. तो मोह टाळा, त्या आठवड्यात केलेल्या कष्टाचा फायदा स्पर्धेपर्यंत पोचत नाही.

गिअरची एक गोष्ट इथेच सांगतो. आपण लहानपणापासून जड चालवतो, मांड्यांनी दाबत. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा. २० ते २२ आला तर मिनिटाला ८० ते ८८ फेरे होतात, ते बरोबर. १५ आला तर गिअर हलका करा.

एकापाठोपाठच्या दिवसाला हौशी लोक ब्रिक म्हणतात. ड्युएथलॉनचा जीव त्यातच आहे. सायकलवर तासभर पाय एकाच गोल चाकोरीत फिरत असतात, कंबर वाकलेली, मांडीचा पुढचा भाग काम करत. उतरून पळायला लागलं की मेंदू अजून पेडलच मारत असतो. पावलं आखूड पडतात, गुडघे उचलत नाहीत, पाय दुसऱ्याचे आहेत असं वाटतं. पाच-सात मिनिटांत हे आपोआप सुटतं. पण ते सुटणार आहे हे अंगाला माहीत नसेल तर माणूस घाबरून चालायला लागतो. सराव करायचा तो यासाठी.

पहिले दोन आठवडे १० किलोमीटर सायकल आणि लगेच १ किलोमीटर धाव. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात १५ आणि दीड. पाचव्यापासून सुरुवातीची धावही जोडा, म्हणजे २ किलोमीटर धाव, १५ सायकल, २ धाव. सातव्या आठवड्यात एकदा रंगीत तालीम करा. ४ धाव, १६ सायकल, २ धाव, स्पर्धेच्याच वेळेला, स्पर्धेचेच कपडे, तेच बूट, तेच खाणं. सायकलचा शेवटचा किलोमीटर गिअर हलका करून पाय भरभर फिरवायचे आणि उतरल्यावर पहिली दोनशे मीटर मुद्दाम छोटी, झटपट पावलं टाकायची. लांब टांगा टाकायला गेलात की पोटरीत गोळा आलाच.

अंगणातली बाज

धाव संपवून सायकल घेण्याच्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. पहिली अदलाबदल टी-१, दुसरी टी-२. इथला नियम एकच आणि कडक: हेल्मेटचं बकल लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि परत आल्यावर सायकल जागेवर ठेवल्याशिवाय बकल उघडायचं नाही. जमिनीवर एक रेघ असते. सायकल हाताने ढकलत तिच्या पलीकडे न्यायची, मगच चढायचं. येताना रेघेच्या अलीकडे उतरायचं. माझ्या पहिल्या स्पर्धेत मी बकल न लावताच सायकल काढली आणि स्वयंसेवक पोराने हँडल धरून मला थांबवलं. तो बरोबर होता. माझी मात्र तेव्हा त्याच्याशी वाद घालण्याइतकी अक्कल होती.

पुढच्या वर्षी मी अंगणात बाज आडवी उभी केली, तिच्या कडेला सायकलची सीट अडकवली आणि भाच्याला मोबाईलवर वेळ लावायला बसवलं. हेल्मेट उलटं करून हँडलवर, पट्टे दोन्हीकडे उघडे, आत गॉगल. गल्लीच्या टोकापासून पळत यायचं, आधी गॉगल, मग हेल्मेट, बकल, मग सायकल, फाटकापर्यंत ढकलत न्यायची, चढायचं. पहिल्यांदा ५८ सेकंद लागले. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही हेल्मेट घालायच्या आधी त्याच्याकडे बघत का बसता?" खरंच बघत होतो, पुढची बाजू कुठली ते. त्याने हेल्मेटच्या पुढच्या कडेला आतून लाल चिकटपट्टी लावली. दहाव्या फेरीला २१ सेकंदांवर आलो. बाज परत जागेवर ठेवायचं विसरलो, त्यावरून घरात जे ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं.

सायकल ढकलताना तिच्या डाव्या बाजूला राहा आणि एक हात सीटवर ठेवा, म्हणजे चेन आणि पेडल पायाला लागत नाही. वेळ मोजायची चिप दिली तर तीही डाव्या घोट्याला बांधा, चेनपासून लांब. नंबर छातीला पिनांनी टोचू नका. परकराच्या नाडीसाठी मिळतं ते रुंद लास्टिक कमरेएवढं कापून त्याला दोन सेफ्टी पिनांनी नंबर लावा. सायकलवर पाठीकडे फिरवा, धावताना पोटाकडे.

स्पर्धेच्या दिवशी लवकर जाऊन आपली जागा मोजून ठेवा. "बॅनरपासून तिसरा बांबू" असं काहीतरी. शेजारच्याची लाल सायकल खूण म्हणून धरू नका, तुम्ही परत याल तेव्हा ती गेलेली असते. गिअर आधीच हलका लावून ठेवा. आणि रिकाम्या हातांनी एकदा पूर्ण चालून पाहा, धावेचं तोंड कुठून, सायकलचं बाहेर पडणं कुठून, परत येणं कुठून.

खाण्याचा पेच

आपला स्पर्धांचा हंगाम आणि भरीत पार्ट्यांचा हंगाम एकच. शनिवारी रात्री कुणाच्या तरी शेतात काड्यांवर वांगी भाजली जातात, कळण्याच्या भाकरी, ठेचा, आणि तुम्ही रविवारी पहाटे पळणार. जळगावच्या भरीत वांग्याला आणि जळगावच्या केळीला, दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. स्पर्धेआधी त्यातलं फक्त दुसरं खायचं. भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी यांतलं तेल, तिखट आणि तंतू पहाटेपर्यंत पोटात तसंच असतं आणि पळताना त्याची आठवण करून देतं. आदल्या संध्याकाळी सात-साडेसातला खिचडी-कढी किंवा वरण-भात, एवढंच. आग्रह करणाऱ्यांना सांगा, उद्या दुपारी येतो.

सकाळी सुटण्याच्या दोन तास आधी चहा आणि दोन पोळ्या गुळाशी, किंवा थोडे पोहे. अर्धा तास आधी एक केळ. सायकलवर ५०० मिलिलिटरची एक बाटली. त्यात एक लिटरच्या ओआरएसच्या पुडीपैकी निम्मी पुडी किंवा लिंबू, मीठ, साखर. थंडीत ती अर्धी उरली तरी चालते, तहान लागेल तसं प्या. उगाच लिटरभर पाणी ढोसून निघालात तर पोटात डचमळतं, शिवाय टी-१ ला शौचालय शोधावं लागतं. सरावात जे खाल्लं नाही ते त्या दिवशी खायचं नाही. स्टॉलवर फुकट मिळणारी एनर्जी जेलची पाकिटं खिशात टाका, पोटात नको.

पहिली पाच किलोमीटर

शिट्टी वाजली की सगळे सुसाट सुटतात. गारठा असतो, पाय ताजे असतात, रस्त्याकडेला शाळेची पोरं टाळ्या वाजवत असतात. माझी ड्युएथलॉन पहिल्यांदा बिघडली ती इथे. पाच किलोमीटर २६ मिनिटं ४० सेकंदांत पळालो. तेवढं वेगात मी आयुष्यात पळालो नव्हतो. सायकलच्या बाराव्या किलोमीटरला पोटरी आखडली आणि शेवटची अडीच किलोमीटर मला २१ मिनिटं लागली. बहुतेक चाललोच.

आकडेमोड करून पाहा. नुसतं पाच किलोमीटर पळायचं असेल तर २८ मिनिटं घेणारा माणूस किलोमीटरला ५:३६ च्या वेगाने जातो. ड्युएथलॉनमध्ये त्याने पहिली धाव ५:५५ ने घ्यावी. एकूण २९:३५, म्हणजे दीड मिनिटाचा तोटा. पण अंग शिल्लक ठेवल्यामुळे शेवटची धाव त्याला ६:१५ ने जमते, अडीच किलोमीटरला साधारण १५:४०. अंग संपवून उतरलेला माणूस तीच ७:३० ने ओढतो, १८:४५. तीन मिनिटं तिथेच गेली, सायकलवर गेली ती वेगळी. सुरुवातीला उसनं घेतलं की शेवटी व्याजासकट फेडावं लागतं, आणि हा सावकार दयामाया दाखवत नाही.

घड्याळ नसेल तर बोलून पाहा. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तुटक शब्द येत असतील तर वेग जास्त आहे. लोक पुढे जातील, जाऊ द्या. माझ्या अनुभवात त्यातले निम्मे सायकलच्या पंधराव्या किलोमीटरला भेटतात.

सायकलवर पहिली पाच मिनिटं हलक्या गिअरवर श्वास बसू द्या, मग वेग धरा. वारा समोरून असेल तर वेगाकडे बघू नका, पायांच्या फेऱ्यांकडे बघा. कोपर वाकवून अंग खाली घेतलं तरी बराच फरक पडतो. परतीला तोच वारा पाठीशी येतो, तेव्हा पाय मोकळे सोडून आराम करायचा नसतो. वळशाच्या आधी, सरळ रस्त्यावरच, गिअर हलका करा आणि ब्रेक लावा, वळताना आतला पेडल वर ठेवा. वळून झाल्यावर जड गिअरवर अडखळणारे फार दिसतात. न रंगवलेले गतिरोधक आपल्या रस्त्यांचं वैशिष्ट्य आहे, आदल्या दिवशी मोटरसायकलवरून रस्ता पाहून त्यांच्या जागा लक्षात ठेवा. कुत्रा मागे लागला तर जोर लावून पळू नका. वेग कमी करून मोठ्याने दरडावलं की बहुतेक वेळा तो थांबतो. ओलांडताना उजवीकडून, "उजवीकडून येतोय" असं ओरडून.

टी-२ मध्ये सायकल ठेवा, मग बकल, आणि हेल्मेट काढायला विसरू नका. हेल्मेट घालूनच पळत सुटलेले मी दोन पाहिलेत. एकाला तर गर्दीतून बायकोने हाक मारून थांबवलं.

शेवटच्या धावेत पहिला किलोमीटर खराब जाणार हे धरूनच चाला. छोटी पावलं, हात झपझप, नजर वीस पावलांवर. दुसऱ्या किलोमीटरला पाय आपले होतात. उरलेलं सगळं तिथे खर्च करा. मात्र चक्कर, अंगावर काटा, घाम अचानक थांबणं, छातीत दाबल्यासारखं होणं यातलं काहीही झालं तर थांबा, रस्त्याकडेला बसा आणि स्वयंसेवकाला हाक मारा.

रेघ ओलांडल्यावर

लगेच आडवे होऊ नका, दहा मिनिटं चाला. ओले कपडे बदला, कारण जानेवारीच्या वाऱ्यात घाम थंड होऊन अंग आखडतं. पाणी, केळ, मग तासाभरात व्यवस्थित जेवण. आदल्या रात्री टाळलेलं भरीत आता खुशाल खा, गरम करून, वर तेल सोडून.

निकालात तिन्ही टप्प्यांच्या वेळा वेगळ्या दिल्या असतील तर त्यांचा फोटो काढून ठेवा. पहिल्या आणि शेवटच्या धावेचा किलोमीटरमागचा वेळ काढून दोन्ही शेजारी लिहा. फरक तीस सेकंदांच्या आत असेल तर पुढच्या वेळी सुरुवातीला थोडं जोरात जायला हरकत नाही. मिनिटाच्या वर असेल तर आणखी हळू सुटा.

सायकल गाडीवर चढवण्याआधी दोन्ही चाकं हळूहळू फिरवून टायरवर नजर टाका. रबरात रुतलेला काटा बऱ्याचदा हवा लगेच जाऊ देत नाही. सोमवारी सकाळी ओट्यावर सायकल पाहावी तर चाक बसलेलं असतं.